अकरा पावलं डावीकडे

त्याला सगळे ससा म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि तो ओही देत असे. लहानपणी कुणीतरी त्याला जिन्याच्या पाचव्या पायरीवर खाली बघून रडताना पाहिलं आणि ते नाव पडलं, ते सासष्टाव्या वर्षापर्यंत निघालं नाही. बायको तेवढी अहो म्हणायची आणि मुलगी बाबा म्हणायची. बाकी पोस्टमनपासून बंदरातल्या साहेबापर्यंत सगळ्यांचा तो ससा.

आणि ह्या सशाचं काम होतं कड्यावर.

वस्ती संपते तिथून समुद्राच्या कडेने काळा कडा सुरू होतो आणि कोसच्या कोस तसाच जातो. गाडीचा रस्ता अलीकडच्या गावातच दम सोडतो. पुढे पायवाट, ती पण पावसात वाहून जाते. घरं चाळीसएक, दगडाची, खिडक्या तळहाताएवढ्या, कारण वारा. सामान, टपाल, औषधं सगळं बोटीने येतं. आणि बोट आत येते ती कड्यातल्या एका फटीतून. तिथे पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांना नावं आहेत: म्हातारी, बाकडं, दाढ. नाव असलेल्या प्रत्येक खडकाने एकेक बोट खाल्लेली आहे. फुकट नाव कुणाला मिळत नाही.

त्यातून सुखरूप आत यायचं तर दोन खुणा बघायच्या. एक खाली, पाण्यालगतच्या खडकावर. दुसरी वर, कड्याच्या अर्ध्या उंचीवर. दोन्ही पांढरे चौकोन, माणसाहून जरा उंच. समुद्रातून येणाऱ्याने बोट अशी धरायची की वरचा चौकोन खालच्या चौकोनाच्या बरोबर डोक्यावर दिसला पाहिजे. तो तसा दिसतोय तोवर बोटीखाली पाणी आहे. बाजूला सरकला की खडक. एवढीच विद्या, पण दोनशे वर्षं तेवढ्या विद्येवर माणसं घरी आली.

ह्या खुणांना वर्षातून दोनदा चुना लावायचा, हे सशाचं काम. त्याच्या आधी त्याच्या बापाचं, त्याच्या आधी आज्याचं. खालच्या खुणेचं काही नाही, ओहोटीला चालत जाता येतं. वरच्यासाठी मात्र कमरेला दोर बांधून कड्यावरून वीस हात उतरायचं आणि फळीएवढ्या रुंद कपारीवर उभं राहून कुंचा मारायचा. सवयीने भीती मरते असं लोक म्हणतात. ते लोक कपारीवर उभे राहिलेले नसतात. ससा बेचाळीस वर्षं दर वेळी घाबरला. आदल्या दिवसापासून त्याला जेवण जायचं नाही, आणि दोरावर असताना तो एकदाही मान वळवून समुद्राकडे बघत नसे. तोंड सतत दगडाकडे. त्या दगडातली एकूण एक भेग त्याला पाठ होती; पाठीमागे काय आहे ते मात्र त्याने बेचाळीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

बापाला हे माहीत होतं. गावातल्या दांडग्या पोरांनी काम मागितलं तेव्हा बाप म्हणाला होता, "न घाबरणाऱ्याच्या हातात दोर देऊ नये. तो गाठ एकदाच बघतो. माझा ससा तीनदा बघतो."

वर दोराला बायको बसायची. दोर लोखंडी मेखेला पक्का बांधलेला असायचा, पण एक टोक तिच्या हातात असल्याशिवाय ससा उतरत नसे. तीही काही वाघीण नव्हती. कड्याकडे पाठ करून बसायची, कारण तिला बघवत नसे. एक दगडाकडे तोंड करून, एक गावाकडे तोंड करून. अशी ही जोडी सगळ्या दर्यावर्दी माणसांना वाट दाखवायची. मुलगी हसायची. "तुम्ही दोघं मिळून कड्याला फसवताय," म्हणायची.

मुलगी अगदी उलट निघाली. पस्तिशीची, आवाज खणखणीत, सामानाची बोट स्वतः चालवायची. किनाऱ्याने दोन दिवस वर, दोन दिवस खाली, मदतीला एक इंजिनवाला. ती बोट घेऊन निघाली की परत येईपर्यंत ससा जीव मुठीत धरून असायचा. पण हे तो बोलत नसे. बोलणं हाच त्याचा दुसरा कडा होता.

त्या वर्षी वारसा कार्यालयाच्या एक बाई आल्या. बाई म्हणजे पोरगीच, फार तर तिशीची, चष्मा, खांद्याला कॅमेरा, पायात चिखलाने भरलेले बूट. ह्या किनाऱ्यावर जुनं काय काय उरलंय त्याची नोंद करायला आल्या होत्या. कड्यात कोरलेल्या पायऱ्या त्यांनी मोजल्या, वाळूत रुतलेल्या जुन्या गलबताच्या फासळ्या मोजल्या, आणि मग वरच्या खुणेपाशी आल्या. त्यांच्याजवळ एक पिवळा पडलेला फोटो होता. त्यात पांढरी खूण होती ती दगडी चौथऱ्यावर. चौथरा अजूनही आहे, ढासळलेला, समुद्राकडून पाहिलं तर कपारीच्या उजव्या टोकाला. आणि ससा चुना लावायचा ती खूण होती डावीकडे, नुसत्या कड्यावर.

बाई कड्याच्या माथ्यावर उभ्या राहून वाकून बघत होत्या. त्यांना भीती कशी वाटत नाही ह्याच विचारात ससा होता.

"मामा, तो चौथरा म्हणजे मूळ जागा ना?"

"हो."

"आणि ही डावीकडची नंतरची?"

"हो."

"किती अंतर असेल दोन्हींत?"

"अकरा पावलं."

"कुणी हलवली?"

"बाबांनी. माझ्या."

दोन्ही बाजूंनी सगळं खरं होतं. का हलवली, एवढं बाईंनी विचारलं नाही. ससा वाट बघत राहिला की आता विचारतील. त्याच्या तोंडात वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात वारा सुटला, बाईंचे कागद उडाले, आणि ते गोळा करता करता वाक्य मागे राहिलं.

चार दिवसांनी शिक्क्याचं पत्र आलं. नंतरची खूण घासून काढावी, मूळ चौथऱ्यावर चुना द्यावा, म्हणजे जुनं जसं होतं तसं दिसेल. ससा पत्र घेऊन बंदराच्या साहेबाकडे गेला. गेला म्हणजे दारात उभा राहिला.

"काय रे सशा?"

"ते खुणेचं..."

"अरे, करून टाक बाईंचं समाधान. आता सगळ्या बोटींवर यंत्रं आहेत. पडद्यावर वाट दिसते. तुझ्या खुणा बघतंय कोण?"

हे ऐकून त्याला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. बेचाळीस वर्षांचं काम कुणी बघतच नाही, म्हणून काळजात कळ आली. आणि सुंठीवाचून खोकला गेला, आता कुणाशी बोलायला नको, म्हणून हायसंही वाटलं. दुसरी भावना जरा मोठी होती. तिथेच चूक झाली.

बाप ती खूण हौसेने हलवून बसला नव्हता. अडतीस वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात कड्याचा तुकडा तुटून फटीच्या तोंडाशी पाण्यात पडला. तीच दाढ. जुन्या खुणेवर भरवसा ठेवून आलेली पहिलीच बोट तिने खाल्ली. त्या बोटीवर सशाचा थोरला भाऊ होता. बापाने तिसऱ्या दिवशी सशाला दोराला बसवलं, स्वतः खाली उतरला आणि खूण अकरा पावलं डावीकडे नेली. रडत नव्हता. पावलं मोजत होता, मोठ्याने.

हे सगळं सशाला माहीत होतं. विसरला नव्हता. तरी त्याने तीन दिवस तारेच्या ब्रशने बापाची खूण घासली आणि चौथऱ्यावर चुन्याचे तीन हात दिले. बायको वर पाठ करून बसलेली. तिला वाटलं नेहमीचंच काम. मनात तो म्हणत होता, बाई शुक्रवारी बघायला येणार आहेत, तेव्हा सांगू. नाहीतर उद्या जाऊन सांगू. समुद्र शांत होता. बोटी भरतीला ये-जा करत होत्या, दाढेवर तेव्हा चिक्कार पाणी असतं. कुणाचं काही अडलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण ह्या वेळी ब्रह्मराक्षस गप्प बसून राहिला होता.

गुरुवारी दुपारी हवा फिरली. पश्चिमेकडून राखाडी पट्टा वर आला, लाटा जाड झाल्या. ससा बंदराच्या खोलीत गेला. मुलगी त्या दिवशी परतायची होती. खोली म्हणजे एक टेबल, एक स्टोव्ह, भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता आणि कोपऱ्यात वायरलेस. वायरलेसवाला चहा ओतत होता.

"बस सशा. आत्ताच बोलली तुझी लेक. येतेय तासाभरात."

"तासाभरात? आता तर पार ओहोटी."

"मग काय करणार? मागून वादळ लागलंय. भरतीची वाट बघत बसली तर बाहेरच सापडेल. तिची बोट हलकी, येईल बाहेरच्या धक्क्याला."

तेवढ्यात वायरलेसचा डबा खरखरला. मुलीचा आवाज आला, तुटक तुटक.

"...ऐकू येतंय का? यंत्र बंद पडलंय. पडदा काळा. बॅटरी पाण्याने गेली. हे पण जाईल आता. काळजी नको... खुणांवर येते."

 सशाला खोली दिसत होती, स्टोव्ह दिसत होता, कपातून वाफ निघताना दिसत होती. कानात मात्र एकच शब्द. खुणांवर.

"दे," तो म्हणाला.

"काय दे?"

"बोलायचं. दे मला."

वायरलेसवाल्याने चकित होऊन यंत्र त्याच्या हातात दिलं. ह्या माणसाने आजवर त्याला हातही लावला नव्हता. "हे बटण दाब, बोल, सोड. एकदम दोघांनी दाबलं तर कुणालाच ऐकू येत नाही."

सशाने बटण दाबलं.  "अगं," तो म्हणाला. मग थांबला. मग सगळं एकदम आलं, "अगं खूण चुकलीय, वरची खूण चुकलीय, तिच्यावर येऊ नकोस, ऐकतेस का?"

बटण सोडलं. डब्यातून मुलीचं वाक्य अर्ध्यातून बाहेर पडलं. तीही त्याच वेळी बोलत होती.

"...बाबांना सांगा, ताजा चुना लांबून छान दिसतोय."

आणि डबा मेला. वायरलेसवाल्याने पुन्हा पुन्हा हाका मारल्या. नुसती खरखर.

"दुसरी बोट?" ससा म्हणाला.

"सगळ्या चिखलात बसल्यात ओहोटीच्या. सशा, खूण चुकलीय म्हणजे काय? काय केलंस तू?"

ससा धावत सुटला होता. सासष्ट वर्षांचा, गुडघे कामातून गेलेला, तो लोकांच्या देखत धावत सुटला. धावताना हिशेब करत होता. घरात अर्धी बादली चुना आहे. मग आठवलं, ओला चुना पांढरा दिसतच नाही. लावताना तो पाण्यासारखा असतो, सुकेल तसा पांढरा होत जातो. ह्या हवेत सुकायला उद्या सकाळ उजाडेल. बेचाळीस वर्षं ज्या चुन्यावर पोट भरलं, तो आज कामाचा नव्हता.

घराच्या अंगणात बायको चादरी वाळत घालत होती. बाई उतरल्या होत्या त्या विश्रामगृहाच्या चादरी धुण्याचं काम तिच्याकडे होतं. सहा मोठ्या पांढऱ्या चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या. ससा त्यांच्यासमोर थांबला आणि त्याने सगळ्यात मोठी ओढून काढली.

"अहो! ओली आहे ती! बाईंच्या खोलीतली आहे!"

"ओलीच बरी. उडणार नाही. आतलं तपकिरी ब्लँकेट आण. आणि दोर."

"झालं काय?"

त्याने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. चार दिवस जे जमलं नव्हतं ते. बायकोने ऐकलं. ती ओरडली नाही, हे त्याला जास्त लागलं. तिचा चेहरा चादरीसारखा झाला आणि ती आत जाऊन ब्लँकेट घेऊन आली.

वाटेत ती एकदाच बोलली. "साऱ्या जगाला घाबरलात. नेमकं दाढेला घाबरायचं विसरलात?"

 खरं होतं. जन्मभर तो घाबरून घाबरून बरोबर वागला होता, आणि ह्या वेळी चुकीच्या माणसाला घाबरला होता.

माथ्यावर वारा एवढा होता की उभं राहवेना. त्याने दोर बांधला. गाठ तीनदा बघितली.  बायको नेहमीप्रमाणे कड्याकडे पाठ करून बसली आणि दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं.

तो उतरला. पहिल्यांदा चौथरा. आधी चौथऱ्याची खूण झाकायची, मग बापाची दाखवायची. दोन्ही एकदम दिसल्या तर मुलगी कुठली धरील देव जाणे. एकही दिसली नाही तर निदान थबकेल. ब्लँकेट वाऱ्याने ओढून नेऊ पाहत होतं. चौथऱ्याच्या वर दगडांत त्याने त्याच्या कडा कोंबल्या, खाली दगड ठेवले, एक दगड हातातून निसटला आणि किती वेळाने पाण्यात पडला ते त्याने ऐकलं.  डोळे मिटून त्याने चौथऱ्याला मिठी मारली. मग ज्या कामासाठी आला होता ते आठवलं आणि पोट दगडाला लावून कपारीवर सरकायला लागला.

एक. दोन. चादर गळ्याभोवती गुंडाळलेली, ओली, गार. तीन. चार. पाचव्या पावलाला कपार तळव्याएवढी होते. तिथे त्याला नेहमी वाटायचं की दगड त्याला बाहेर ढकलतोय. सहा. सात. बाप मोठ्याने मोजत होता तसं तोही मोठ्याने मोजत होता, फक्त आवाज फुटत नव्हता. अकरा.

बापाने ठोकलेल्या दोन लोखंडी खुंट्या तिथे होत्या. डावीकडची चांगली होती. उजवीकडची गंजून मोडून पडली होती. चादरीचं ते टोक आता माणसानेच धरायला हवं होतं. त्याने एक कोपरा खुंटीला बांधला. दुसरा हातात घेतला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की चादर समुद्राला दिसायची तर आपण चादरीच्या मागे पाहिजे, दगडाला पाठ लावून. म्हणजे वळायला हवं. समुद्राकडे तोंड करायला हवं.

बेचाळीस वर्षांत केलं नव्हतं ते त्याने केलं. तसूतसूने वळला. पाठ दगडाला लागली आणि समोर काहीच नव्हतं. नुसती हवा, आणि हवेच्या तळाशी पांढरं उकळतं पाणी. फटीच्या तोंडाशी एका जागी फेस थांबत नव्हता, ती दाढ. आणि तिच्या पलीकडे, काड्यापेटीएवढी, वर-खाली होत येणारी बोट.

 मग त्याने डावा हात वर केला, चादरीचे खालचे कोपरे बुटांखाली दाबले, आणि चादर त्याच्या तोंडावरून पसरली. पुढे सगळं पांढरं.

आता काही दिसत नव्हतं. ना समुद्र, ना बोट. फक्त ओलं कापड नाकाला चिकटलेलं, साबणाचा वास, आणि खाली कुठेतरी इंजिनाची धडधड.

"अगं!" तो ओरडला. "बघ! बोट कुठाय बघ!"

वरून बायकोचा आवाज आला, "मला नाही बघवत हो!"

"मला दिसत नाहीये! मी चादरीत आहे!"

 मग दोर जरा हलला. ती वळली होती. तिने हाय केलेली त्याला इथवर ऐकू आली.

"दिसतेय," ती म्हणाली. "सरळ येतेय."

"फेस दिसतोय का? एका जागचा फेस?"

"दिसतोय. अहो, बोट फेसावरच येतेय! थेट फेसावर!"

सशाने डोळे गच्च मिटले, जरी मिटून फरक पडत नव्हता. हात वर धरून खांद्यातून कळा येत होत्या. सगळं अंग थरथरत होतं. बोट दाढेवर आदळली तर आवाज कसा येतो हे त्याने एकदा ऐकलं होतं, ह्याच कड्याच्या माथ्यावर उभं राहून. त्या आवाजाची तो वाट बघत होता.

"थांबली!" बायको ओरडली. "अहो, थांबली. जागच्या जागी हलतेय."

इंजिन मंद झालं होतं. त्यालाही ऐकू येत होतं. मुलगी विचार करत होती. एक खूण नाहीशी झाली होती आणि दुसरी भलत्या ठिकाणी उगवली होती. आता ती कशावर विश्वास ठेवील? मागून लाटा ढकलत होत्या, जास्त वेळ नव्हता.

"काय करतेय?"

"काही नाही. इकडे बघतेय वाटतं."

"मग?"

"मग काय! बोंबलू नका, बघू द्या!" आणि मग, आवाज फाटून, "वळली! अहो वळली! फेस सोडला. डावीकडून येतेय, माझ्या डावीकडून. फेस उजवीकडे राहिला. येतेय, येतेय..."

इंजिनाचा आवाज एकदम मोठा झाला, कड्यावर आपटला, सशाच्या पाठीतल्या दगडात शिरला, आणि पायाखालून आत, बंदराकडे निघून गेला.

"गेली आत," बायको म्हणाली. "या आता वर."

चादर तशीच ताणलेली राहिली.

"अहो, ऐकलंत का? या वर."

"येतो," चादरीतून आवाज आला. "पाय येत नाहीयेत. पाय आले की येतो."

तासाभराने दोघं धक्क्यावर पोचली. वायरलेसवाल्याकडून गावभर झालं होतं. लोक जमले होते. मुलगी दोर गुंडाळत होती. बापाला पाहून तिने दोर टाकला. तिचा चेहरा पांढराफटक होता. असा तो त्याने कधी पाहिला नव्हता.

"अगं मी..." तो म्हणाला.

"थोरला काका होता ना त्या बोटीवर?" ती म्हणाली. "वायरलेसवाल्या काकांनी सांगितलं. तीच जागा ना?"

त्याने मान हलवली.

"ताजा चुना धरून येत होते मी. एकदम गायब. म्हटलं मेलो. आणि मग बाजूला दुसरी दिसली. कुठली खरी, काही कळेना. इंजिनवाला म्हणाला, मागे फिरू. फिरायला जागा कुठाय?"

"मग कशी आलीस?"

"ती नवी थरथरत होती, बाबा." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "वाऱ्याने फडफडत नव्हती. थरथरत होती. म्हटलं एवढं थरथरणारं ह्या किनाऱ्यावर एकच माणूस आहे. आणि तो तिथे उभा आहे म्हणजे वाट तीच."

मग ती त्याला बोलली. पुष्कळ बोलली, सगळ्यांसमोर, आणि त्याने ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर तिने त्याच्या खांद्यावर स्वतःचा कोट टाकला.

शुक्रवारी सकाळी ससा विश्रामगृहात गेला. चादरीचा एक कोपरा फाटला होता, त्यावर गंजाचा डाग होता. ती घडी करून त्याने बाईंच्या टेबलावर ठेवली.  बाईंना वाटलं, चादरीबद्दल माफी मागायला आलाय.

"तुम्ही विचारलंत, चौथरा म्हणजे मूळ जागा ना," तो म्हणाला. "मी हो म्हटलं. हो, पण, असं म्हणायचं होतं. ते राहिलं."

आणि त्याने सांगितलं. कडा तुटल्याचं, भावाचं, बापाने पावलं मोजल्याचं, कालचं. अधेमधे थांबत, जमिनीकडे बघत, पण शेवटापर्यंत. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी फाटका कोपरा हाताने सरळ केला.

"मामा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्हाला घाबरलो."

"मला?"

बाई पंचेचाळीस किलोच्याही नसतील. त्यांना हसू येईना आणि रडूही येईना. "मी विचारायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "का हलवली, ते. एवढंच तर विचारायचं असतं." मग त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, "भावाचं वय किती होतं? सावकाश सांगा."

आता चौथरा नुसत्या दगडाचा आहे, काळा, जसा आहे तसा. पांढरी खूण अकरा पावलं डावीकडे. कार्यालयाच्या नोंदीत दोन्ही आहेत आणि मधली पावलंही आहेत. मोडलेल्या खुंटीच्या जागी नवी ठोकलीय.

ससा अजून वर्षातून दोनदा उतरतो. आदल्या दिवशी जेवत नाही. दगडाकडे तोंड करून चुना लावतो, मान वळवत नाही; त्याने एकदा पाहिलं, तेवढं पुरे झालं. बायको मात्र आता समुद्राकडे तोंड करून बसते. घाबरते, डोळे किलकिले करते, पण बसते, आणि दिसेल ते सांगत राहते.

"दोन बोटी. एक पक्षी. तुमची लेक येतेय वाटतं."

"कुठून येतेय?"

"डावीकडून. नीट येतेय. तुम्ही आपला चुना लावा."